महादेवाच्या देवळात पहिल्यांदा जाताना

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी आमच्या देवळाच्या पायरीशी दरवर्षी कुणीतरी नवं माणूस घुटमळताना दिसतं. कधी बदलीवर आलेले शिक्षक, कधी नुकतं लग्न झालेली मुलगी, कधी पुण्यात वाढलेला आणि आजोबांच्या गावी परत आलेला तरुण. ताटात सगळं असतं, पण आधी नंदी की आधी गणपती, दूध कधी, बेल कधी, प्रदक्षिणा पुरी की अर्धी, हे माहीत नसतं. विचारायचा संकोच वाटतो आणि मागे रांग वाढत जाते.

आमचं घर गुरवाचं. वडिलांची पूजेची पाळी आली की पहाटे गाभारा धुण्यापासून रात्री दिवा शांत होईपर्यंत आम्ही पोरं देवळातच असायचो. सोमवारी घरोघर बेल पोचवायचा, पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावायच्या, हे आमचं काम. तेव्हापासून पाहिलेलं, शिकलेलं इथे सांगतो. आजी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची, ती आधी ऐका : महादेवाला पाणी लागतं. तांब्याभर पाणी आणि एक बेलपान असलं की पूजा पूर्ण झाली. बाकीचं जमेल तसं.

घरून निघताना

पाणी शक्यतो घरूनच न्या. देवळाच्या नळाचं चालतं, पण घरचा तांब्या भरून, तो सांडू न देता चालत जाण्यात निम्मी पूजा होते. तांब्या तांब्याचा असला तर उत्तम, मात्र त्यात दूध किंवा दही नेऊ नका. त्यासाठी स्टीलचं किंवा चांदीचं लहान भांडं घ्या.

बेल आदल्या दिवशी आणून ठेवा. सोमवारी, चतुर्दशीला, अमावास्येला बेल तोडायचा नाही अशी रीत आहे, आणि नेमकं याच दिवशी बेल लागतो. काळजीचं कारण नाही, कारण बेल शिळा होत नाही. अगदी अडचण असेल तर वाहिलेलं पान धुऊन पुन्हा वाहिलं तरी चालतं. पान तीन दलांचं, अखंड असावं. किडीने पानावर पांढरट वळणं काढलेली असतात, त्याला चक्र म्हणतात. देठाच्या टोकाशी जाड गाठ असते, ते वज्र. चक्राचं पान बाजूला काढायचं आणि वज्राची गाठ खुडून टाकायची. १०८ पानं मोजून आणलीच पाहिजेत असं नाही. चांगली निवडलेली पाच पानं मला जास्त आवडतात.

फुलं पांढरी : तगर, मोगरा, जाई, रुई, धोतरा. धोतऱ्याचं काटेरी फळही वाहतात. ते विषारी असतं, तेव्हा लहान मुलांच्या हातात देऊ नका. केवडा महादेवाला चालत नाही. तुळसही एरवी वाहत नाहीत. हळद-कुंकवाबद्दल नव्या माणसाचा हमखास गोंधळ होतो, कारण आपल्याकडे खंडोबाही महादेवाचाच अवतार आणि त्याच्यावर भंडारा उधळतात. पिंडीला मात्र भस्म आणि पांढरं गंध. हळद-कुंकू पार्वतीच्या मूर्तीला लावा.

बाकी अक्षता, उदबत्ती, कापूर, तेल-वात आणि नैवेद्याला खडीसाखर किंवा केळं. नारळ ऐच्छिक.

पायरीपासून पिंडीपर्यंत

पाय धुऊन आत या. मराठवाड्यातली जुनी देवळं बहुतेक हेमाडपंती, काळ्या दगडाची, आणि त्यांची रचना एकदा समजली की पूजेचा क्रम आपोआप लक्षात येतो. दारावर किंवा डावी-उजवीकडे गणपती असतो. पहिला नमस्कार त्याला. मग सभामंडपात नंदी.

नंदीपाशी थांबा. एक हात त्याच्या पाठीवर ठेवा, दुसऱ्या हाताचा अंगठा आणि तर्जनी त्याच्या दोन शिंगांवर टेकवा आणि त्या चौकटीतून आत पिंडीकडे पाहा. याला शृंगदर्शन म्हणतात. पहिल्यांदा अंधारच दिसतो. क्षणभर तसेच राहा, हळूहळू समईच्या उजेडात पिंड दिसू लागते. ते दर्शन झालं की बाजूने पुढे जा. नंदी आणि पिंड यांच्या मधोमध उभं राहायचं नाही, नंदीची नजर देवावर असते.

पुढे फरशीवर दगडी कासव असेल. त्याला हात लावून नमस्कार करा, पाय देऊ नका. गाभाऱ्याच्या उंबरठ्यावर कीर्तिमुख कोरलेलं असतं, तोही ओलांडायचा, तुडवायचा नाही. गाभारा बऱ्याचदा दोन-चार पायऱ्या खाली असतो आणि त्या पायऱ्यांवर दिवसभर पाणी, दूध, तेल सांडत असतं. म्हाताऱ्या माणसांना इथे हाताला धरून उतरवा. आमच्या देवळात जी काही माणसं पडलेली मी पाहिली, ती सगळी याच जागी.

आता पिंड. मधला उभा भाग लिंग, त्याभोवतीची बैठक म्हणजे शाळुंका, आणि शाळुंकेच्या ज्या टोकातून पाणी वाहून जातं ते बहुधा उत्तरेला असतं. त्या टोकासमोर बसू नका, बाजूला बसा. ताट शाळुंकेवर ठेवू नका, पिंडीवर नाणी टाकू नका.

पाण्याची धार बारीक आणि अखंड ठेवा, तोंडाने ‘नमः शिवाय’ म्हणत. एकदम तांब्या उपडा करणारे पुष्कळ असतात, मागच्या रांगेने घाई होते हेही खरं. पण एवढ्यासाठीच तर आपण आलेलो असतो. वर टांगलेलं, बुडाला बारीक भोक असलेलं तांब्याचं भांडं दिसेल, त्याला गळती म्हणतात. पिंडीवर थेंबथेंब धार राहावी म्हणून ती असते. गर्दीत आत जाता आलं नाही तर तुमचा तांब्या गुरवाकडे द्या, तो गळतीत ओततो. तेही तुमच्याच हातचं पाणी.

पंचामृत असेल तर दूध, दही, तूप, मध, साखर या क्रमाने चमचा-चमचा वाहा आणि पुन्हा स्वच्छ पाणी घाला. शंखाने महादेवाला पाणी घालत नाहीत. त्यानंतर गंध-भस्म, अक्षता आणि मग बेल. बेलपान पालथं वाहायचं, म्हणजे गुळगुळीत बाजू पिंडीला लागते. मग फूल, धूप, दीप, नैवेद्य. पिंडीवर जे वाहिलं ते खायचं नाही. समोर वाटीत दाखवलेला नैवेद्य प्रसाद म्हणून वाटायचा.

दुधाबद्दल मनातलं सांगतो. पिशव्याच्या पिशव्या फोडून ओतलेलं दूध गाभाऱ्यात साचतं, दगडाच्या सांध्यात शिरतं, वास येतो, आणि भेसळीच्या तुपा-मधाने पिंडीची झीज होते. म्हणून काही देवळांनी पंचामृतावर मर्यादा घातल्या आहेत आणि मला त्या योग्य वाटतात. एक पळी दूध देवाला, उरलेलं देवळात खेळणाऱ्या पोरांना द्या. मराठवाड्यात पाण्याचंही तसंच आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे लोक वाटीभर पाणी घेऊन यायचे, आणि ती वाटी रिकामी करताना त्यांचे हात जितके सावकाश चालायचे तितके मी एरवी कधी पाहिले नाहीत. पाऊस फार लांबला की गावोगाव गाभारा पाण्याने भरून पिंड बुडवायची, महादेवाला पाण्यात कोंडायचा, ही जुनी चाल आहे. पाणी नाही म्हणून असलेलं पाणी देवापाशी नेऊन ठेवणारी ही माणसं आहेत.

प्रदक्षिणा अर्धी

शाळुंकेतून निघालेलं पाणी भिंतीतल्या पन्हाळीतून बाहेर पडतं. ती वाट म्हणजे सोमसूत्र. ते ओलांडायचं नाही, म्हणून महादेवाची प्रदक्षिणा पुरी होत नाही. देवळाचं तोंड पूर्वेला आहे असं धरा. देवाकडे तोंड करून उभे राहा, आपल्या डाव्या हाताने निघा, दक्षिणेची बाजू, मग पश्चिमेची पाठीमागची बाजू करत उत्तरेच्या पन्हाळीपर्यंत या. तिथून मागे फिरा आणि आल्या वाटेने नंदीपाशी परत या. काही जण मग समोरून पन्हाळीच्या दुसऱ्या अंगापर्यंत जाऊन येतात, तेही बरोबर. देऊळ अनोळखी असेल तर आधी पन्हाळ कुठे आहे ते पाहून घ्या.

झालं की पायरीवर घडीभर टेका. दर्शन घेऊन तसंच तडक निघायचं नाही.

आरतीला

संध्याकाळच्या आरतीला गेलात तर ‘लवथवती विक्राळा’ पाठ करून जा. ही शंकराची आरती समर्थ रामदासांची, आणि त्यांचा जन्म १६०८ सालचा, आपल्याच जालना जिल्ह्यातल्या जांबचा. लोक ती इतक्या भराभर म्हणतात की नव्या माणसाला शब्द सापडत नाहीत. पहिल्या दिवशी नुसतं ध्रुवपद म्हणा आणि टाळ्या धरा. नंतर ‘कर्पूरगौरं’, मंत्रपुष्पांजली आणि ‘हर हर महादेव’चा गजर होतो. निरांजनावरून हात फिरवून तोंडावर घ्यायचा, तीर्थ उजव्या हाताच्या तळव्यावर घ्यायचं.

अभिषेक सांगायचा असेल तर

आधी कुणाला विचारायचं ते समजून घ्या. पिंडीची रोजची पूजा, बेल, दिवाबत्ती गुरवाकडे असते. रुद्र, म्हणजे महादेवाचं वेदातलं स्तोत्र, म्हणायला वैदिक ब्राह्मण येतात. लिंगायत वस्तीच्या गावात, विशेषतः लातूर-नांदेडकडे, जंगम स्वामी असतात आणि तिथली पद्धत वेगळी असते. गावात जे चालत आलं आहे तेच करा.

आवर्तनांचा हिशेब असा. रुद्रपाठाचे दोन भाग, नमक आणि चमक, प्रत्येकी ११ अनुवाक, म्हणजे लहान तुकडे. नमक ११ वेळा आणि दर वेळी चमकाचा एक अनुवाक, ही झाली एकादशिनी. अकरा एकादशिनी म्हणजे १२१ आवर्तनं, तो लघुरुद्र. त्याच्या अकरा पट, १३३१, महारुद्र. आणि १४६४१ म्हणजे अतिरुद्र, तो गावच मिळून करतं. घरच्या वाढदिवसाला किंवा आजारातून उठल्यावर साधा एका आवर्तनाचा अभिषेक पुरतो. लघुरुद्राला बहुधा अकरा ब्राह्मण बसतात, म्हणजे त्यांचं जेवण आणि दक्षिणाही आली. दक्षिणा आधीच मोकळेपणाने विचारून घ्या. संकल्पात गोत्र विचारतील. माहीत नसेल तर काश्यप सांगतात.

श्रावण

उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थानकडून नोकरीसाठी आलेल्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. आपला महिना अमावास्येला संपतो, तिकडचा पौर्णिमेला. त्यामुळे त्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या सुमारे पंधरा दिवस आधी लागतो. ज्योतिर्लिंगांच्या ठिकाणी परप्रांतातली गर्दी आधीच सुरू होते. गावातल्या देवळात मात्र आपल्या श्रावणाची वाट पाहावी लागते.

श्रावणी सोमवारी नवी सून शिवामूठ वाहते, लग्नानंतर पाच वर्षं. पहिल्या सोमवारी तांदूळ, दुसऱ्या तीळ, तिसऱ्या मूग, चौथ्या जवस, आणि पाचवा सोमवार आला तर सातू. मूठ पिंडीवर उघडायची आणि कहाणीतली ओळ म्हणायची, नावडतीची आवडती कर म्हणून. सासरी नव्याने आलेल्या कितीतरी मुलींनी ही ओळ म्हणताना डोळे पुसलेले मी पाहिले आहेत. तेव्हा मागे उभं राहून कुणी घाई करू नये. हे धान्य वाया जात नाही, गुरवाच्या घरी किंवा अन्नदानाला जातं. त्यामुळे पुडीतलं किडकं धान्य नको.

सोमवारचा उपवास संध्याकाळी सोडतात. दिवा लागला, दर्शन झालं, की वरण-भात, भाजी-पोळी आणि काहीतरी गोड. ज्यांना वाचनाची आवड आहे ते ‘शिवलीलामृता’चा अकरावा अध्याय वाचतात.

तीन ज्योतिर्लिंगं, तीन तऱ्हा

वेरूळचं घृष्णेश्वर, औंढ्याचं नागनाथ आणि परळीचं वैजनाथ, ही तिन्ही मराठवाड्यात. नागेश्वर द्वारकेजवळचं आणि वैद्यनाथ झारखंडातल्या देवघरचं, असंही देशात मानलं जातं. त्यावर कुणाशी वाद घालत बसू नका. आपल्या आजीने ज्या पायरीवर डोकं टेकलं ती पायरी आपल्याला पुरे.

वेरूळला गाभाऱ्यात जाताना पुरुषांनी सदरा, बनियन आणि चामड्याचा पट्टा काढायचा असतो. तेव्हा सहज निघतील असे कपडे घाला आणि एक उपरणं सोबत ठेवा. आजचं लाल दगडाचं देऊळ अठराव्या शतकातलं, अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेलं. जवळच शिवालय तीर्थ आहे, तेही पाहा. छत्रपती संभाजीनगरहून सुमारे ३० किलोमीटर. लेणी मंगळवारी बंद असतात. कैलास लेणंही त्याच दिवशी पाहायचं असेल तर वार बदला.

औंढ्याला आत गेल्यावर नंदी शोधत बसू नका, तो देवळाच्या पाठीमागे आहे. नामदेवांना दाराशी कीर्तन करू दिलं नाही, ते मागे जाऊन उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, अशी कथा. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर त्यांना याच ठिकाणी भेटले, पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. देव नाही अशी जागा दाखव, तिथे पाय ठेवतो, असं ते म्हणाल्याचं सांगतात. इथला गाभारा खाली, भुयारासारखा. उतरायची वाट अरुंद, आत हवा कमी. दम्याचा किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी सोमवार आणि सुट्टीचे दिवस टाळावेत. हिंगोलीहून औंढा जवळच, २५ किलोमीटरच्या आसपास. नरसी हे नामदेवांचं गावही याच जिल्ह्यात.

परळीला रेल्वे जाते, म्हणून म्हाताऱ्यांना नेण्यासाठी सोयीचं. पायऱ्या चढाव्या लागतात, पण सभामंडप प्रशस्त आहे आणि पिंडीला हात लावून दर्शन घेण्याची इथली जुनी रीत आहे. गर्दीच्या दिवशी लांबूनच पाहावं लागतं.

बाकीचे दिवस

प्रदोष म्हणजे दोन्ही पक्षांतली त्रयोदशी, पूजा दिवस मावळताना. सोमवारी किंवा शनिवारी आला तर विशेष. हरितालिकेला बायका घरीच वाळूची पिंड करतात. कार्तिकात वैकुंठ चतुर्दशीला हरिहर भेट : त्या एका दिवशी महादेवाला तुळस आणि विष्णूला बेल. दुसऱ्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा, दीपमाळ पेटते. घरून पणती आणि तेल घेऊन या. चैत्रात शिखर शिंगणापूरला शंभू महादेवाचं लग्न असतं, मराठवाड्यातूनही पुष्कळ माणसं पायी जातात.

महाशिवरात्र

माघ वद्य चतुर्दशी. हा उपवास श्रावणातल्या सोमवारसारखा संध्याकाळी सुटत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी पारणं. साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळं, राजगिऱ्याचे लाडू आणि या दिवसाचं खास फळ म्हणजे कवठ. गर गुळात कालवून देवाला दाखवतात. भगरीचं सुटं पीठ मात्र घेऊ नका. जुन्या पिठात बुरशी धरते आणि उपवासाच्या दिवसांत भगरीने विषबाधा झाल्याच्या बातम्या आपल्या जिल्ह्यांतून येतच राहतात. अख्खी, बंद पाकिटातली भगर घ्या, निवडून धुऊन करा, सकाळची रात्री खाऊ नका. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर निर्जळीचा हट्ट नको.

लातूरला सिद्धेश्वराची यात्रा याच दिवशी सुरू होते. बीडला कंकालेश्वराचं देऊळ कुंडाच्या मधोमध आहे, तिथेही दिवसभर रांग असते. एसटी जादा गाड्या सोडते. पण पहिल्या वर्षी माझं ऐका, आपल्या गावातल्या महादेवाला रात्र द्या.

रात्रीचे चार प्रहर, प्रत्येकी साधारण तीन तासांचे, आणि दर प्रहराला एक पूजा : पहिल्याला दूध, दुसऱ्याला दही, तिसऱ्याला तूप, चौथ्याला मध. मध्यरात्रीच्या आसपासचा सुमारे ४८ मिनिटांचा निशीथकाळ सगळ्यांत महत्त्वाचा. चारही पूजांना जागणं पहिल्या वर्षी जमत नाही. निशीथाची गाठा. त्या वेळी देवळात माणसं थोडी असतात, भजनी मंडळी दमून हळू आवाजात म्हणत असतात, गळतीचा थेंब ऐकू येतो. सोबत शाल घ्या, माघात दगडी फरशी फार गार पडते.

सकाळी गाभारा धुतला जातो. त्या वेळी हजर राहिलात तर हात लावा, कुणी नाही म्हणत नाही. बेल-फुलांचं निर्माल्य शेतात किंवा झाडाच्या आळ्यात जातं. प्लॅस्टिकच्या पिशव्या, उदबत्तीची पाकिटं मात्र ज्याची त्याने घरी न्यावीत.

मग पंगत. बसायच्या आधी एक पंगत वाढायला उभे राहा. भाजीची बादली नवीन माणसाला जड जाते, पुऱ्या किंवा बुंदी घ्या. दोन फेऱ्यांत अर्ध्या गावाची ओळख होते. आणि बसलात की पानात सगळं आलं तरी थांबा. ‘नमः पार्वतीपते’ असं कुणीतरी मोठ्याने म्हणेल, सगळे ‘हर हर महादेव’ म्हणतील, त्यानंतर पहिला घास घ्यायचा.